माणसं टिकली, पण मन कामात नाही: सार्वजनिक नोकरीतला वेळ आणि बांधिलकी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सार्वजनिक संस्थेतल्या साठेक जणांच्या विभागाचे तुम्ही प्रमुख. वर्षभरापूर्वी तुमच्याकडे येण्याजाण्याच्या वेळा लवचिक झाल्या, टेबलावर काम करणाऱ्यांना आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची मुभा मिळाली. सोडून जाणारे आणि बदली मागणारे कमी झाले, पण कामातला जीव काही वाढला नाही. खिडकीवर बसणारे चिडले आहेत, आणि जे आधीपासून मन लावून काम करत होते तेच आता सर्वांत दमलेले दिसतात. पगार वाढवणं तुमच्या हातात नाही, नियम बदलणं तर नाहीच. तेव्हा वर्क-लाइफ बॅलन्स आणि बांधिलकी यांचा खरंच काही संबंध आहे का, आणि असेल तर तुम्ही नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी २७ वर्षं आस्थापना शाखेत काढली, त्यातली शेवटची ११ शाखाप्रमुख म्हणून. रजा, बदल्या, ज्येष्ठता याद्या, चौकश्या, निवृत्तीचे कागद, सगळं त्या टेबलावरून जातं. माणूस नोकरीला लागल्यापासून सुटेपर्यंत त्याचं काय काय होतं, ते तिथे बसून दिसतं. तुम्ही विचारलेला संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. मात्र तो सवलतींशी कमी आणि भरवशाशी जास्त आहे. उद्याचा आपला वेळ आपल्या हातात असेल की नाही, हे कर्मचाऱ्याला आज सांगता आलं पाहिजे आणि ते कोणाच्या लहरीवर असता कामा नये. तुमच्याकडे सवलत आली आहे. भरवसा आलेला तुमच्या वर्णनातून दिसत नाही.

आधी तो सोडून जाणाऱ्यांचा आकडा बाजूला ठेवा. सार्वजनिक नोकरीत माणूस टिकला यावरून काहीच कळत नाही, कारण तो एरवीही टिकतोच. कायमपण, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन, ओळखीचं गाव, घराचं कर्ज अशा गाठी एकेक करत बसत जातात आणि पंधराव्या वर्षी सोडायचं म्हटलं तरी सोडवत नाही. हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्येच हे मांडलं होतं: माणूस नोकरीभोवती इतर गोष्टी पणाला लावत जातो आणि मग त्या गोष्टीच त्याला धरून ठेवतात. पुढे १९९१ मध्ये जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी बांधिलकीचे तीन प्रकार वेगळे केले. मी ते माझ्या भाषेत असे सांगत असे: राहावंसं वाटतं म्हणून राहणारा, राहायला हवं म्हणून राहणारा, आणि जाऊन करणार काय म्हणून राहणारा. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत पहिल्याचं काम चांगलं निघालं. तिसऱ्याच्या टिकण्याचा कामाच्या दर्जाशी संबंध एकतर दिसला नाही, किंवा दिसला तो किंचित उलटाच.

आता तुमच्या सवलतीकडे या नजरेने बघा. घरून काम करायचा एक दिवस मिळाला. दुसरीकडे तो मिळणार नाही. म्हणजे आधीच्या गाठींत आणखी एक गाठ पडली. "जाऊन करणार काय"वाल्यांची संख्या तुम्ही वाढवलीत आणि आकडा सुधारला. हे वाईट झालं असं मी म्हणत नाही, अनुभवी माणूस टिकणं संस्थेला हवंच असतं. पण याला बांधिलकी म्हणू नका, आणि वरच्यांना पाठवायच्या अहवालात तर मुळीच लिहू नका. पुढच्या वर्षी तोच आकडा तुमच्याकडून मागतील.

आता मन लावून काम करणारे दमले आहेत त्याकडे येतो. तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट मला ही वाटते.

सार्वजनिक संस्थेत अधिकाऱ्याच्या हातात फार थोडी साधनं असतात. काम न करणाऱ्याला काढता येत नाही, करणाऱ्याला बक्षीस देता येत नाही. कामाचं वाटप तेवढं हातात उरतं. मग साडेचारला वरून कागद आला, उद्या सकाळी उत्तर हवंय, की अधिकारी मान वर करून कोणाकडे बघतो? जो करून देईल त्याच्याकडे. प्रत्येक वेळी हा निर्णय बरोबरच असतो, मीही शेकडो वेळा घेतला आहे. पण असे दोनशे बरोबर निर्णय एकावर एक रचले की चांगलं काम करण्याची शिक्षा तयार होते. एकदा मी एका शाखेची आवक नोंदवही घेऊन बसलो. नऊ जणांची शाखा, सहा महिन्यांच्या नोंदी. "तातडीचे" असा शेरा असलेले कागद कोणाच्या नावे गेले ते पेन्सिलने मोजलं. निम्म्याहून जास्त दोनच टेबलांवर गेले होते. तिसऱ्या टेबलावरचा माणूस वर्षानुवर्षं "मला ते सॉफ्टवेअर येत नाही" एवढ्या वाक्यावर सुखात होता. आणि गंमत म्हणजे ते सॉफ्टवेअर त्या दोघांनाही कोणी शिकवलं नव्हतं.

अशा ठिकाणी लवचिक वेळ आली की काय होतं? ज्याच्याकडे काम नाही तो ती वेळ घरासाठी वापरतो. ज्याच्याकडे काम आहे तो घरून काम करायच्या दिवशी सकाळी आठला बसतो आणि रात्री दहाला उठतो, कारण आता ऑफिस बंद व्हायची वेळही त्याच्या बाजूने उरलेली नाही. पूर्वी निदान शिपाई दिवे घालवायला यायचा. तुमचे चांगले लोक दमले ते याने. सवलत सगळ्यांना सारखी दिलीत, काम सारखं नव्हतं.

म्हणून क्रम उलटा घ्या. आधी काम कोणाकडे किती आहे ते काढा, मग वेळेचं बोला. हे काढायला सल्लागार लागत नाही. नोंदवही, पेन्सिल आणि दोन दुपारी पुरतात.

दुसरी गोष्ट रजेची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बांधिलकी मोडते ती बहुतेक वेळा रजेच्या अर्जावर, आणि मोडल्याचा आवाजही होत नाही.

आमच्या एका कार्यालयात एक लेखा सहायक होत्या. हिशेब चोख, मार्चअखेरीला रात्री नऊपर्यंत थांबणाऱ्या, न सांगता. त्यांच्या आईची शस्त्रक्रिया ठरली. त्यांनी बारा दिवस आधी चार दिवसांच्या रजेचा अर्ज दिला, रजा शिल्लक होती, बदली कर्मचाऱ्याचं नावही अर्जातच लिहिलं होतं. साहेबांनी समासात शेरा मारला, "चर्चा करावी". आता या दोन शब्दांचा अर्थ कार्यालयात मुरलेल्या प्रत्येकाला कळतो. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, समोरच्याने येऊन विनंती करायची. त्या तीनदा केबिनबाहेर उभ्या राहिल्या. एकदा बैठक होती, एकदा फोन चालू होता, एकदा साहेब निघून गेले होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अर्ज परत आला: "मंजूर. आवश्यकता भासल्यास बोलावण्यात येईल." त्या चार दिवसांत त्यांना दोन फोन गेले. त्यातला एक कपाटाच्या किल्लीसाठी होता.

हिशेबाने पाहिलं तर काहीच बिघडलं नाही. हव्या होत्या तेवढ्या रजा मिळाल्या, नियम पाळला गेला, कार्यालयाचा पैसा खर्च झाला नाही. पण परत आल्यावर त्या बाई बरोबर साडेपाचला उठायला लागल्या. कामात चूक नाही, उशीर नाही, वाद नाही. फक्त न सांगता थांबणं संपलं. वर्षभराने साहेब मला म्हणाले, "बाईंचं पूर्वीसारखं लक्ष राहिलं नाही हो." मी तो अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना तो आठवतही नव्हता.

रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की माणसं संस्थेला एखाद्या व्यक्तीसारखी मानतात आणि "हिला माझी काही पडली आहे का" याचा अंदाज रोजच्या वागणुकीतून बांधतात. संस्था म्हणजे इमारत नव्हे, परिपत्रकही नव्हे. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने संस्था म्हणजे त्याच्या अर्जावर सही करणारा माणूस. परिपत्रकात कितीही उदार धोरण असलं तरी ते त्या सहीच्या टोकातून जेवढं उतरेल तेवढंच त्याला मिळतं. म्हणून एकाच संस्थेत, एकाच नियमाखाली, वरच्या मजल्यावरची शाखा जीव ओतून काम करते आणि खालची घड्याळ बघत बसते.

तास किती, यापेक्षा तासांवर ताबा कोणाचा, हे महत्त्वाचं आहे असं मी म्हणतो त्याला आधारही भक्कम आहे, आणि तो नेमका सरकारी नोकरांवरच्याच अभ्यासाचा आहे. लंडनमधल्या सरकारी कार्यालयांतल्या ३५ ते ५५ वयाच्या १०,३०८ कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यासमालेतला हा दुसरा. ज्यांना स्वतःच्या कामावर ताबा कमी होता त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त निघाला. थकवा मोठ्या साहेबांच्या वाट्याला आणि आराम कारकुनाला, ही आपली समजूत त्याने पार उलटी केली. अर्थात तास अगदीच बिनमहत्त्वाचे असंही नाही. त्याच अभ्यासातून २०१० मध्ये आलेल्या एका निष्कर्षात, रोज तीन-चार तास जादा काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जादा काम न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक दिसला. तुमच्याकडचे दोन-तीन "भरवशाचे" लोक नेमके याच गटात मोडतात हे लक्षात असू द्या.

आइसलँडचं उदाहरण हल्ली प्रत्येक चर्चेत येतं, तुमच्याही प्रश्नात ते होतं. २०१५ पासून रेकजाविक शहरात आणि नंतर तिथल्या राष्ट्रीय सरकारी कार्यालयांत अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा आठवडा ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणला. पगार तोच ठेवला, आणि बहुतेक ठिकाणी काम तेवढंच किंवा जरा बरं झालं. पण हे झालं कसं, ते कोणी सांगत नाही. त्यांनी बैठका छोट्या केल्या, काही काढूनच टाकल्या, कोणतं काम मुळात गरजेचं आहे ते कर्मचाऱ्यांबरोबर बसून तपासलं. तास कमी केले म्हणून काम सुधारलं, असं सरळ गणित त्यात नाही. तास कमी करायचे म्हणून फालतू काम शोधावं लागलं, हा त्यातला खरा फायदा. शिवाय पुढे चोवीस तास चालणाऱ्या आरोग्यसेवेत तास घटवायचे तर जादा माणसं लागली. तुम्हाला तास कमी करता येणार नाहीत. फालतू काम शोधायला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही.

आणि ते भरपूर सापडेल. तीच माहिती तीन नमुन्यांत तीन ठिकाणी पाठवणं, हा आमच्या आयुष्याचा केवढा तरी भाग होता. रविवारी संध्याकाळी गटावर संदेश येतो, "उद्या ११ पर्यंत माहिती द्यावी, अन्यथा जबाबदारी निश्चित करण्यात येईल." चौघांचा रविवार गेला. सोमवारी पाहावं तर तीच माहिती पंधरा दिवसांपूर्वी दिलेली, फक्त रकाने उभ्याचे आडवे झालेले. मी शेवटी एक वही केली. बाहेर गेलेल्या प्रत्येक माहितीची तारीख, कोणाला दिली आणि फाईलचं नाव, एवढंच. पुढच्या वेळी मागणी आली की आधी वही बघायची, असेल तर तेच परत पाठवायचं. आडवे रकाने मागणाऱ्याने उभे करून घ्यावेत. एकदाही कोणी तक्रार केली नाही, यावरून त्या माहितीचं पुढे काय होत असेल ते समजा.

संदेशांबद्दल बेल्जियमने धाडस केलं. १ फेब्रुवारी २०२२ पासून तिथल्या केंद्रीय सरकारी कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेबाहेर, अपवादात्मक प्रसंग सोडून, संपर्क करायचा नाही असा नियम झाला. तुम्हाला नियम करता येणार नाही, पण शाखेत रीत पाडता येईल. आमची रीत साधी होती. खरंच आग लागली असेल तर फोन. बाकी काहीही असलं तरी संदेश, आणि संदेशाला दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडेपर्यंत उत्तर द्यायचं बंधन नाही. पहिल्याच आठवड्यात ती रीत मोडली ती मी. रात्री साडेनऊला सुचलं म्हणून लिहून पाठवलं, आणि पाच मिनिटांत तीन उत्तरं आली. तेव्हा कळलं, की बॉसचा संदेश हा संदेश नसतोच, तो हुकूमच असतो. त्यानंतर रात्री सुचलेलं मी कागदावर लिहायला लागलो. निम्म्या गोष्टी सकाळी बिनकामाच्या वाटायच्या.

घर आणि काम यांच्या ओढाताणीचे ग्रीनहाउस आणि ब्युटेल या संशोधकांनी १९८५ मध्ये तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. वेळेचं वर आलंच. ताणाचं कोणालाही सांगायला नको. तिसऱ्याकडे फार कोणी बघत नाही. चौकशी, तपासणी, वसुली अशी कामं करणाऱ्याला दिवसभर संशय घ्यायचा पगार मिळतो, आणि तो स्वभाव दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. आमच्या तपासणी पथकातले एक गृहस्थ सांगायचे, मुलाने परीक्षेतले गुण सांगितले की पहिला प्रश्न तोंडातून येतो, "कागद कुठाय?" अशा लोकांना लवचिक वेळेने काही होत नाही. त्यांना मधूनमधून वेगळं काम द्यावं लागतं, म्हणजे सहा महिने तपासणी, मग दोन महिने प्रशिक्षण किंवा नियोजन. ते तुमच्या अधिकारात बसत असेल तर करा.

खिडकीवरच्या लोकांचा राग अगदी रास्त आहे. घरून काम करणं त्यांना कधीच मिळणार नाही, कारण लोक खिडकीवर येतात. लवचिक वेळ ही कल्पना १९६७ मध्ये म्युनिकजवळच्या एका विमानं बनवणाऱ्या कंपनीत रुजली, सकाळी रस्त्यावर होणाऱ्या कोंडीवर तोडगा म्हणून. ज्याचं टेबल तासभर रिकामं राहिलं तरी चालतं अशांचा विचार तिच्यात पहिल्यापासून आहे. शिक्षक, परिचारिका, पोलीस, खिडकीवरचा कारकून यांच्यासाठी वेळेवर ताबा म्हणजे वेगळं काहीतरी असतं: पाळी कधी ते आधी कळणं आणि अडचण आली तर ती बदलता येणं.

हे आम्ही एका ठिकाणी केलं. सहा जण, खिडकी साडेनऊ ते साडेपाच उघडी, मधल्या सुट्टीतही एक खिडकी चालू हवी. मी फक्त दोन अटी घातल्या: कोणत्याही वेळी किमान तीन जण हवेत, आणि पुढच्या महिन्याचा तक्ता या महिन्याच्या २० तारखेला भिंतीवर लागलेला हवा. कोण कधी, ते तुमचं तुम्ही ठरवा. अदलाबदल करायची असेल तर दोघांनी तक्त्यावर सह्या करायच्या, माझ्याकडे यायचं नाही. एकीला तीन वाजता मुलाला शाळेतून आणायचं असे, तिने सकाळचा जड वेळ कायमचा घेतला. एकाला दुपारी दोननंतर वडिलांना व्यायामासाठी न्यायचं असायचं, आठवड्यातून दोनदा. जुळलं. दोन महिन्यांनी मजा झाली. एक जण असा होता जो दुसऱ्यासाठी कधीच पाळी बदलत नसे. त्याला गरज पडली तेव्हा पाचांपैकी एकालाही वेळ नव्हता. मला एक ओळही लिहावी लागली नाही, पुढच्या महिन्यापासून तक्त्यावर त्याच्या सह्या दिसू लागल्या.

हाच प्रयोग दुसऱ्या कार्यालयात साफ फसला. तिथे आधीपासून दोन गट होते, एका गटाने तक्ता भरला की दुसरा फाडायचा. शेवटी पाळ्या पुन्हा शाखाप्रमुखाकडे आल्या आणि सगळ्यांना हायसं वाटलं. म्हणजे माणसांत किमान बोलणं असेल तरच हे करा. नसेल तर तुम्हीच तक्ता लावा, पण २० तारीख सोडू नका. त्या एका तारखेने अर्धं काम होतं.

एक जुनी खोड मोडायची आहे, ती मात्र तुमच्या स्वतःच्या डोळ्यातली असू शकते. उशिरापर्यंत थांबणारा म्हणजे निष्ठावान, ही. कर्मचाऱ्यांचे वार्षिक अहवाल लिहिताना आपल्याला कोण आठवतं? जाताना ज्याचा दिवा चालू होता तो. ज्याच्या घरी दुसरं कोणीतरी स्वयंपाकपाणी, आजारपण, मुलं बघतंय तोच थांबू शकतो, आणि हे दुसरं कोणीतरी बहुधा बाईच असते. मग बायकांच्या अहवालात "कामात नियमित" आणि पुरुषांच्या अहवालात "कामास वाहून घेतलेले" असं लिहिलं जातं. काम तेच. मी जुने अहवाल एकत्र काढून वाचले तेव्हा माझ्याच अक्षरात हे सापडलं. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांसाठी १५६ क्रमांकाचा करार केला, तो मुद्दाम स्त्री आणि पुरुष दोघांसाठी. कुटुंबासाठीची रजा पुरुषाने मागितली की भुवया उंचावणारे अधिकारी तो करार कधीच वाचत नाहीत, बायकांचं नुकसानही तिथूनच सुरू होतं.

आता बांधिलकी वाढवायची कशी. जेम्स पेरी आणि लोइस वाइज यांनी १९९० मध्ये मांडलं, की काही माणसं सार्वजनिक कामाकडे वळतात ती लोकांच्या उपयोगी पडायच्या ओढीने, पगार किंवा स्थैर्य हे एकमेव कारण नसतं. पेरींनी १९९६ मध्ये ती ओढ मोजायची प्रश्नावली केली, तिचा एक भाग चक्क "त्याग" आहे. हे माझ्या अनुभवाशी जुळतं. पण या त्यागाला फार जपावं लागतं. संस्थेला त्याची चटक लागते. माणसं कमी, साधनं नाहीत, आणि कमतरता भरून कोण काढतं? ज्याला समोरच्या माणसाला परत पाठवणं जिवावर येतं तो. असा माणूस पाच-सात वर्षं चालतो आणि मग एक दिवस इतरांहून कोरडा होतो. सर्वांत कडवट कर्मचारी मी पाहिले ते एकेकाळचे सर्वांत उत्साही होते.

उलट ही ओढ जागी ठेवायला खर्च फारसा नाही. ॲडम ग्रँट यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्यांची काही मिनिटं अशा एका विद्यार्थ्याशी गाठ घालून दिली, ज्याला त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळाली होती. महिनाभराने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. आपल्याकडे टेबलावरच्या माणसाला त्याच्या फाईलचं पुढे काय झालं ते कधी कळतच नाही. आमच्या निवृत्तिवेतन शाखेत आम्ही एवढंच केलं: आदेश निघाला की ज्याने तो हिशेब केला त्यानेच तो निवृत्त होणाऱ्याच्या हातात द्यायचा, साहेबांनी नव्हे. साहेबांना ते फारसं आवडलं नाही.

कोणी गैरफायदा घेईल का? घेईल. साठात चार-पाच घेतीलच, आणि ते आत्ताही घेतच आहेत. त्यांच्यासाठी पंचावन्न जणांवर पहारा बसवू नका. त्या चार-पाचांशी एकेकट्याने, तारखांनिशी बोला. "सगळ्यांना सूचित करण्यात येते की" असं परिपत्रक काढलंत तर ज्याला उद्देशून आहे तो ते वाचत नाही आणि ज्याला नाही त्याला लागतं.

तुमच्या हातात काय आहे असं विचाराल तर मोजक्याच गोष्टी: कामाचं वाटप, पाळीचा तक्ता, रजेचा शेरा, तातडीचा शिक्का आणि रात्रीचा फोन. यांतली रजा आधी घ्या. नियमात बसणारी रजा दोन दिवसांत मंजूर किंवा कारण लिहून नामंजूर, आणि "चर्चा करावी" हा शेरा बंद. वाटप मग दुरुस्त करा, पण सावकाश. न करणाऱ्याकडे काम वळवलं की पहिले दोन महिने ते बिघडेल, वरून बोलणी खावी लागतील, आणि ती तुम्हीच खायची आहेत. तुम्ही ते काम परत त्या भरवशाच्या दोघा-तिघांच्या टेबलावर सरकवलंत तर सगळं जिथल्या तिथे येईल.

आणि मोजायचं असेल तर समाधानाची प्रश्नावली नको, तिथे सगळे "उत्तम" लिहितात. दोन गोष्टी मोजा. गेल्या महिन्यात घरी ठरलेला बेत कार्यालयामुळे किती वेळा मोडला, हे नाव न लिहिता प्रत्येकाने चिठ्ठीवर द्यायचं. दुसरं, रजेचा अर्ज आल्यापासून निर्णय होईपर्यंत सरासरी किती दिवस जातात आणि ते कोणत्या टेबलावर जातात. आम्ही पहिल्यांदा काढलं तेव्हा नऊ दिवस निघाले. त्यातले सहा दिवस अर्ज माझ्याच टेबलावर पडून असायचा.